नोंद ११ : टिटव्या परत घेतो

मागच्या नोंदीत मी जे मिरवलं होतं, ते आधी परत घेतो. 'चर खणले, उंदीरमारीची झाडं लावली, तरी ब पट्ट्यातल्या माळटिटव्या हटलेल्या नाहीत' असं ठोकून दिलं होतं. तिथं माळटिटव्या (पिवळ्या गाठीच्या टिटव्या) नाहीत. एकही नाही. नशीब, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर) चढवायला आळस केला होता.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच: जेजुरी-मोरगाव पट्ट्यातला माळ. नेमकी जागा सांगणार नाही, अंड्यांचा मोसम आहे. अ पट्टा मोकळा, कुसळीचा, मेंढरं चरतात तो. ब पट्टा ओढ्यापलीकडचा. तिथं गेल्या पावसाळ्याआधी पोकलेन येऊन सलग समतल चर मारून गेला आणि चरांच्या कडेनं उंदीरमारी लागली. दोन्हीकडे एकेक ऑडिओमॉथ, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप ध्वनिमुद्रण करणारं यंत्र.

मेच्या पहिल्या फेरीत बर्डनेटनं (आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीनं) ब पट्ट्यात नऊ दिवसांत माळटिटवीच्या ४६ नोंदी काढल्या, त्याही बऱ्याचशा ०.८ च्या वरच्या खात्रीच्या. अ पट्ट्यात ६३. मी खूश. टिटवी चिवट आहे, एवढ्यातेवढ्यानं जागा सोडत नाही, वगैरे सिद्धान्तही मनात तयार झाला. मग म्हटलं, फोटो हवा. घरटं सापडलं तर सोन्याहून पिवळं.

सलग तीन रविवार ब पट्ट्यात बसलो. पहाटे पाचपासून साडेनवापर्यंत, छत्री, दुर्बीण आणि उन्हानं तापलेला पाण्याचा कॅन. टिटवी दिसायला काय लागतं? तिच्या हद्दीत पाऊल टाकलं की ती स्वतःच बोंब मारत डोक्यावर घिरट्या घालते. इथं मी चरांमधून आडवातिडवा फिरलो, मुद्दाम खोकलो, पण कुणी हटकलं नाही. घरी येऊन त्याच सकाळचं ध्वनिमुद्रण लावलं, तर माळटिटवीच्या सात नोंदी! मी तिथं बसलेलो असताना!

आधी संशय यंत्रावर गेला. मग कार्डावर, कारण मागच्या खेपेला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १२८ जीबीचं म्हणून घेतलेलं कार्ड निम्म्यात गळपटलं होतं. (कार्ड घ्याल तर आधी पूर्ण भरून, परत वाचून बघा, मगच माळावर न्या. आणि पेन्सिल सेल नेहमीचे टाकू नका. उन्हात डब्यात शिजून त्यांनी माझ्या एका यंत्राची स्प्रिंग खाल्ली. रिचार्जेबल बरे.) मग वाटलं, अ पट्ट्यातला आवाज वाऱ्यानं इकडे येत असेल. पण मधे ओढा आहे, अंतर सातशे मीटरच्या वर, आणि स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या आलेखावर) आवाज चांगला ठळक, जवळचा.

शेवटी यादीच नीट वाचली, जी पहिल्याच दिवशी वाचायला हवी होती. बर्डनेट तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव देतं. मी फक्त टिटवीच्या ओळी गाळून घेत होतो. गाळणी काढून सगळ्या ओळी वेळेप्रमाणे लावल्या, तर असं दिसलं: कोतवाल, पुढच्या तुकड्यात माळटिटवी, पुढच्या तुकड्यात वेडा राघू, परत कोतवाल, मग शिक्रा. पंधरा सेकंदांत चार जातींचे पक्षी, तेही एकाच ठिकाणी, एकाच जोरात, आणि एकमेकांना न अडवता पाळीपाळीनं बोलणारे. इतकी शिस्त आमच्या सोसायटीच्या सभेतही नसते.

तुमच्यातल्या अर्ध्यांनी एव्हाना ओळखलं असेल. साइक्सचा चंडोल, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करणारा!

चौथ्या रविवारी टिटवी शोधायचं सोडून त्याच्याकडे बघत बसलो. चर खणून काढलेल्या मातीचा जो बांध आहे, त्यावर एक ढेकूळ त्यानं मंच म्हणून धरलं आहे. शेंडी उभी, छातीवर मोजक्याच रेघा, अंगावर तांबूस झाक, म्हणजे मलबारी चंडोल नव्हे. गळा फुगला, आधी स्वतःची दोन-तीन शिट्टीवजा सुरांची सुरुवात, मग कोतवालाची चरचर, आणि लगेच माळटिटवीचं धारदार 'ची-इट'. दुर्बिणीतून चोच हलताना दिसत होती, तरी मान वळवून मी आकाशात टिटवी शोधलीच. इतकी हुबेहूब. फरक एकच: खरी टिटवी हाक ओढते आणि पुनःपुन्हा देते, हा दोनदा देऊन विषय बदलतो. रेव्हन लाइट या आवाज तपासायच्या प्रणालीत दोन्ही शेजारी ठेवले, तर नकलेची रेघ थोडी तोकडी निघाली.

हा चंडोल नकल्या आहे हे मी वाचलं नव्हतं असं नाही. कर्नल साइक्सनं दख्खनमधल्याच पक्ष्यांवरून १८३२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणजे हा आपला घरचा पक्षी. पण वाचणं वेगळं आणि आपलीच आकडेमोड त्यानं खाल्ली हे कळणं वेगळं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींवर उभा आहे, त्यात १७८ जाती संवर्धनासाठी सर्वाधिक प्राधान्याच्या ठरल्या. ईबर्डवरच्या अशाच नोंदींच्या ढिगात मी ब पट्ट्यातल्या ४६ भुताटकी टिटव्या टाकणार होतो.

आता खरा पेच. नक्कल आणि असल वेगळी करायची कशी? कानानं एकेक तपासायचं तर अ पट्ट्यातल्या ६३ पण संशयित झाल्या, तिथंही दोन साइक्स आहेत. बर्डनेटच्या खात्रीचा आकडा वाढवून ०.९ केला, तर खऱ्या टिटव्या गळाल्या आणि नकल्या तरून गेला. आधीच्या-नंतरच्या तुकड्यांत दुसरी जात असेल तर नोंद बाद, असा नियम लावून पाहिला. पण खऱ्या टिटवीच्या शेजारी खरा कोतवाल असतोच की. आठवडा यात गेला. बायकोनं विचारलं, "ती टिटवी आहे का नाही एवढंच ठरवायचंय ना?" हो म्हणालो.

उत्तर मिळालं ते मेंढपाळ मामांकडून. मेच्या अखेरीस कोकणातून परतीच्या वाटेवर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दरवर्षी ब पट्ट्याच्या कडेला पडतो. वाघर (मेंढरांभोवतीचं जाळं) ठोकत होते. मी टिटवीचं रडगाणं गायलं. ते म्हणाले, "टिटवी आसंल तर राती वरडंल का न्हाई? रातच्याला वरडली की आमची कुत्री उठत्यात, सगळा वाडा जागा. यंदा कुत्री निवांत झोपत्यात."

मामांच्या हिशेबी टिटवी एकच, लाल गाठीची काय नि पिवळ्या गाठीची काय. पण मुद्दा बिनतोड. चांदण्या रात्री टिटव्या जाग्या असतात, बोलतात. नकल्या पहाटे तोंड उघडतो आणि अंधार पडल्यावर गप्प. आणि मी शहाणा, बॅटरी वाचवायला यंत्रं सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात अशीच लावली होती! रात्रीचा एक मिनिटही हाताशी नव्हता.

मग वटपौर्णिमेच्या आधीच्या सहा रात्री दोन्ही यंत्रं रात्री आठ ते पहाटे चार अशी लावली. अ पट्ट्यातल्या पहिल्या दोन रात्री त्याच भिकार कार्डानं खाल्ल्या (फेकलं एकदाचं). पाचव्या रात्री वळीव असा कोसळला की दोन्हीकडे फक्त पत्र्यावर वाटाणे. उरलेल्यांचा हिशेब: अ पट्ट्यात तीन रात्रींत माळटिटवी १९ वेळा, सगळ्या कानानं तपासलेल्या. ब पट्ट्यात पाच रात्रींत शून्य. लाल गाठीची दोनदा, दूरवर, बहुधा तळ्याकडून. एक रातवा पक्षी, भरपूर रातकिडे आणि मामांच्या कुत्र्याचं घोरणं. ते ऐकून मी रात्री एकटाच हसलो.

पाच रात्रींवर 'गेल्या' असं म्हणणं घाईचं आहे, मान्य. पण तीन रविवार, शून्य घरटी आणि झोपलेली कुत्री, सगळं एकाच बाजूला बोट दाखवतं. कारणही अवघड नाही. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये चार अंडी घालते, आणि दुरून येणारं काहीही दिसलं पाहिजे हा तिचा सगळा बचाव. चराच्या बांधानं तिची नजर अडली, झाडोऱ्यानं खाटीक, कोतवाल या पक्ष्यांना टेहळणीचे मनोरे मिळाले. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे झाडं लावायची जागा, हे कागदावरच तसं आहे. त्याच बांधाचं ढेकूळ चंडोलाला मात्र मंच म्हणून पावलं.

बरं, एक गोड बातमी. अ पट्ट्यात लेंड्यांच्या पसाऱ्यात माळटिटवीची चार अंडी सापडली. अर्धा मीटरवर उभा होतो आणि दिसत नव्हती. आई पोटाची पिसं भिजवून आणून अंड्यांवर बसली, ते पंचेचाळीस मिनिटं बघितलं आणि निघालो. तिथून पन्नास पावलांवर धाविक पक्ष्याचं एक पिल्लू, मातीचाच एक गोळा, उठून पळालं तेव्हा कळलं.

पुढचं काय, ते लिहिता लिहिता बदलतंय. ठरवलं होतं की नकला गाळायचा पक्का नियम बसवायचा. आता वाटतंय, गाळायच्या कशाला? मोजूया. ब पट्ट्यातल्या या चंडोलाच्या गाण्यात टिटवी अजून आहे, कारण ती त्यानं कुठून तरी ऐकली. ओढ्यापलीकडून, किंवा चर पडण्याआधी याच जागेवर. पुढच्या वर्षी त्याच ढेकळावर तोच बसला, तर गाण्यात टिटवी किती उरते? प्रत्येक चंडोलाची वेगळी यादी करायची. पायात कडी नसताना तोच चंडोल ओळखायचा कसा, हा प्रश्न आहेच. सुरुवातीची शिट्टी प्रत्येकाची वेगळी असेल का?

दुसरं, ग्रामपंचायतीत जाऊन बसणार आहे. लावलेली रोपं निम्मी वाळली आहेत आणि जुलैत नांग्या भरायचं, म्हणजे वाळलेल्यांच्या जागी नवी रोपं लावायचं, घाटत आहे. निदान वरच्या दोन चरांमधल्या नांग्या भरू नका, एवढंच मागायचं. रात्रीच्या फायलींपेक्षा मामांना बरोबर न्यावं म्हणतो, त्यांचं तिथं वजन आहे.

कुणाकडे माळटिटवी नसलेल्या माळावरच्या साइक्सचं ध्वनिमुद्रण असेल तर पाठवा. जुनं असलं तर फारच बरं. आणि कार्ड कुठून घेता तेही कळवा.