पावती करा साहेब
एमएच १० ची गाडी घेऊन मोठ्या शहरात शिरलं की चौकातल्या मामाला ती लांबूनच दिसते. झेब्रावर चार गाड्या उभ्या असतात, सगळ्या लोकल पासिंगच्या, आणि हात बरोबर आपल्यालाच होतो. सांगलीची गाडी म्हणजे माणूस घाईत असणार, इथं कुणाची ओळख नसणार आणि कोर्टासाठी परत यायचा कंटाळा करणार, हे सगळं नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं जणू. शहराचं नाव घेत नाही, कुठंही जा तेच.

२०१७ ची गोष्ट. पिवळ्याचा लाल होता होता मी गाडी काढली, चूक माझीच, पुढं पुलाखाली अडवलं. लायसन दाखवलं ते त्यांच्या हातातच राहिलं आणि बाकीची कागदं एवढी निवांत वाचायला लागले की बायकोनं मागून दोनदा घड्याळ बघितलं (मुहूर्त १२:३५ चा, चुलत मेव्हणीचं लग्न). "हजार लागतील, कोर्टात जावं लागंल, लायसन जमा करतो, नाहीतर बोला काय करायचं." हे "बोला काय करायचं" आलं की समजायचं तोडपाणी सुरू झालं. मी दोनशे म्हणालो, ते म्हणाले सायबांना काय सांगू, शेवटी तीनशेवर मिटलं. पैसे हातात घेत नाहीत हां, पीयूसीच्या कागदात घडी घालून द्यायचे. आणि नंतर कळलं की तेव्हा सिग्नल तोडायचा दंडच २०० रुपये होता. म्हणजे सरकारी रेटपेक्षा शंभर जास्त देऊन वर मी "थँक्यू साहेब" म्हणून आलो होतो!

आपल्याला घाई असते आणि रेट माहिती नसतो, अख्खा धंदा एवढ्यावर चालतो. डिसेंबर २०२१ पासून आपल्याकडे नवे दंड आले, सिग्नल पहिल्यांदा ५००, परत सापडलात तर १५००, लायसनच नसेल तर डायरेक्ट ५०००. शिस्त किती लागली माहीत नाही पण चिरीमिरीचा भाव नक्की वाढला, कारण पाच हजार ऐकल्यावर माणूस पाचशेची नोट हसत काढतो. डिजीलॉकरमधली कागदं २०१८ पासून चालतात तरी "ओरिजिनल कुठंय" म्हणणारे भेटतातच. मधे एक नवीन निघालं होतं, स्वतःच्या मोबाईलवर गाडीचा फोटो काढायचा आणि विचारायचं "टाकू का मशीनला?" शेवटी २०२५ मध्ये वरून परिपत्रक काढावं लागलं की खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करायचं नाही.

दिवसभर धुरात उभं राहणं सोपं नाही, मान्य. पण 'दादा' लिहिलेली काळ्या काचेची स्कॉर्पिओ समोरून जाते तेव्हा शिट्टी कुठं असते?

आणि मी तरी कुठं धुतल्या तांदळाचा. २०१८ ला कायदा बदलला, आता लाच देणारापण गुन्हेगार, ७ वर्षांपर्यंत शिक्षा, जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवायचं. अँटी करप्शनचा १०६४ नंबर मोबाईलमध्ये सेव्ह आहे, लावलाय एकदाही नाही.

गेल्या दिवाळीत बाबा शेजारी बसलेले, चाक झेब्रावर गेलं, अडवलं. यावेळी मीच काच खाली करून म्हणालो, "पावती करा साहेब, पाचशे ना?" ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणे मशीनला चार्जिंग नाही. म्हटलं थांबतो की, घाई नाही. बाबांचा हात तोवर खिशात गेलेला, मी डोळ्यांनीच गप केलं. पाच-सात मिनिटांनी मशीनला आपोआप चार्जिंग आलं, फोटो, मेसेज, पाचशे रुपये.

पुढं साताऱ्यापर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. मग सुरू झालं, "दोनशात मिटलं असतं लेका, तीनशे घालवलास." मी सरकारी तिजोरी वगैरे सांगायचा प्रयत्न केला तर ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. तासवडे टोलला फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज वाजला तेव्हा म्हणाले, "ह्यो बरा, बोलत न्हाई, गुपचूप घेतो."