दिवाळीच्या सुट्टीत कच्छचं रण बघायला जाऊ नका

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. दिवाळीत कच्छचं रण पांढरं नसतं. मोबाईलवर जे व्हिडिओ बघून आपण बॅग भरतो ते डिसेंबर-जानेवारीतले असतात, आणि ते कोणी सांगत नाही. मला हे कच्छमधल्या खावडा गावाच्या पुढं, गुडघ्यापर्यंत गाळात उभं राहून कळलं. तुम्हाला ते बेळगावातच कळावं म्हणून लिहितोय.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सँड प्लांट सांभाळतो. साच्याच्या वाळूला धरून ठेवायला बेंटोनाइट घालतात, आणि आमच्याकडं येणाऱ्या पोत्यांवर कच्छमधल्या भुजचं नाव असतं. बावीस वर्षं ती पोती फोडल्यावर, ही माती जिथून येते तो मुलूख एकदा डोळ्यांनी बघावा असं मनात होतं. कारखाना सलग बंद असतो तो दिवाळीत. बायको-मुलांना येता आलं नाही, कारण आपल्या शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतात. मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला मोजके दिवस. निपाणी ओलांडून कागलला गेलं की उलटं. म्हणून एकटा निघालो. शाळेतल्या गुरुजी-बाईंनी दसऱ्याच्या सुट्टीत रणाचा बेत केला असेल तर तो आजच मोडावा. तेव्हा तर तिथं पाणीच असतं.

पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी त्या सपाट प्रदेशात शिरतं आणि महिनोन्‌महिने साचून राहतं. पावसाळा सरला की ते आटत जातं, वर मिठाची पापडी धरते, खालची माती मात्र ओलीच राहते. पापडी जाड आणि कोरडी व्हायला डिसेंबर उजाडतो. पाऊस लांबला तर आणखी उशीर. शिवाय दिवाळी म्हणजे अमावस्या. चांदण्यातलं रण बघायला लोक पौर्णिमेला जातात, आणि आपण सुट्टी मिळाली म्हणून नेमके काळ्याकुट्ट रात्रीचे जाऊन पोचतो. तिसरी गोष्ट, गुजरात्यांचं नवीन वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, आणि लाभपंचमीपर्यंत तिथली बरीच दुकानं उघडतच नाहीत. भुजमध्ये मला एक दिवस जेवायला खानावळ शोधत दोन तास फिरावं लागलं, आणि तिथलेच सुट्टीवाले लोक फिरायला निघालेले असल्यामुळं खोलीचं भाडं मात्र तिप्पट.

जायला अडचण नाही. बंगळूर-गांधीधाम एक्स्प्रेस बेळगाववरून जाते, घटप्रभा, मिरज, पुणे, अहमदाबाद करत. आठवड्यातून एकदाच आहे, त्यामुळं सगळा बेत तिच्याभोवती बांधावा लागतो. एक रात्र गाडीत जाते. गांधीधामहून भुजला बस मिळते, दीड-दोन तास.

आता पैशाचं. एकट्या माणसाला भुजमध्ये गाडी करणं परवडत नाही, आणि हे त्या लोकांना तुमच्या आधी कळतं. काळा डुंगर हा डोंगर आणि पांढऱ्या रणाजवळचं धोरडो गाव अशा एका दिवसाच्या फेरीला मला सहा हजार सांगितले, घासाघीस करून साडेचार हजारांवर आणलं. निघाल्यावर चालक म्हणाला, धोरडोच्या परवान्याचे पाचशे वेगळे द्या, मीच काढून आणतो, तुम्ही गाडीत बसा. मी दिले. परत येताना पावती मागितली तर टाळाटाळ, आणि अखेर हातात पडली तेव्हा तिच्यावरचा आकडा निम्माही नव्हता. पाच मिनिटं खिडकीवर स्वतः उभं राहिलो असतो तर हे झालं नसतं. ओळखपत्र खिशात ठेवा, खिडकीवर स्वतः जा, पावती स्वतःच्या हातात घ्या. आणि संध्याकाळी सात वाजल्यावर वाढीव भाडं लागतं हेही निघायच्या आधी विचारून घ्या. मला ते सात वाजून दहा मिनिटांनी सांगण्यात आलं.

त्या दिवसातलं काळ्या डुंगरावरचं दत्ताचं देऊळ तेवढं मनात राहिलं. ४६२ मीटर उंच, कच्छमधली सगळ्यात उंच जागा. भुकेल्या कोल्ह्यांपुढं दत्तानं स्वतःचं अंग केलं आणि ‘ले अंग’ म्हणाला, अशी तिथली कथा आहे. अजून पुजारी भाताचा नैवेद्य घेऊन ओट्याशी जातो आणि ‘लोंग, लोंग’ अशी हाक घालतो. आमच्या घरात नरसोबाच्या वाडीची पौर्णिमा चुकत नाही. इतक्या लांब, पलीकडं सरहद्द दिसत असताना दत्त भेटला, तेव्हा माझे डोळे भरून आले. धोरडोला मात्र पाणी होतं, आणि पाण्यात उभे राहून फोटो काढणारी शे-दोनशे माणसं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल भाड्यानं घेऊन धोलावीऱ्याला, हडप्पाकाळातल्या शहराचे अवशेष बघायला निघालो. आधी रापरवरून मोठा वळसा पडायचा. आता खावड्याहून रणातूनच रस्ता काढलाय, त्यामुळं भुजपासून साधारण १४० किलोमीटर होतं. ह्यातला रणातला तुकडा तीसेक किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना सपाट, मधून सरळ डांबरी पट्टी. झाड नाही, टपरी नाही, सावली नाही. मोबाईलची रेंज जाते-येते. भुजलाच टाकी भरा आणि एकट्याला पाच लिटर पाणी घ्या. मी दोन लिटर घेतलं होतं, ते कमी पडलं.

त्या रस्त्यावर मी जे केलं ते कोणी करू नका. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर पांढरा पट्टा दिसला. कडेला पाणी नव्हतं, वर पापडी होती, बोटानं दाबली तर कडक लागली. रोज वाळूत हात घालणारा माणूस मी, मला वाटलं जमीन धरेल. वीस-पंचवीस पावलं धरली. पुढं पापडीचा रंग किंचित मळका झाला, तिकडं माझं लक्ष गेलं नाही. पापड मोडावा तसा आवाज झाला आणि उजवा पाय पोटरीपर्यंत आत. तो काढायला डाव्यावर भार दिला, तर डावा गुडघ्यापर्यंत गेला.

खानापूरकडं भाताच्या चिखलणीत मी लहानपणापासून उतरलोय. शेतातल्या चिखलाला खाली तळ असतो; वीतभर रुतलं की पाय टेकतो. इथं पाय टेकलाच नाही. आणि ओढलं की तो गाळ बुटाला खालून धरून ठेवतो. मूठभर उचलून दाबून बघितला, सवयीनं. आमच्याकडं वाळूचा ओलावा असाच बघतात: मूठ दाबायची, गोळा मोडायचा, कड स्वच्छ तुटली आणि तळवा कोरडा राहिला तर माल बरोबर. हा गाळ काळपट करडा, बोटांच्या फटींतून बाहेर आला आणि तळव्याला असा चिकटला की झटकून सुटेना. नखाशी एक जुनी चीर होती, तिच्यात मीठ शिरून आग झाली. तेव्हा मला भीती वाटली. ऊन डोक्यावर, पाण्याची बाटली मोटारसायकलला अडकवलेली, रस्ता समोर दिसतोय आणि त्यावर कोणी नाही.

सुटलो ते असं. ताणून ओढणं बंद केलं. मागं जिथं कडक पापडी होती तिकडं पाठीवर आडवा झालो, दोन्ही हात पसरले, म्हणजे भार वाटला गेला. मग पाय नुसता गोल गोल हलवत राहिलो. बुटाच्या कडेनं हवा शिरली की तो गाळ हळूहळू सोडतो. डावा बूट आतच राहिला, पाय आला. मग हाता-कोपरांवर सरपटत रस्त्यापर्यंत. सगळं मिळून अर्धा तास गेला असेल. मला तो सबंध दिवस वाटला.

रस्त्यावर पोचलो तेव्हा एक छोटा हत्ती टेम्पोवाला मला बघून थांबला होता. वयस्क माणूस, डोक्याला फेटा. आधी पाणी दिलं, मग रागावला. ‘‘भाई, अकेले अंदर कोई जाता है क्या?’’ मी म्हटलं, ‘‘चाचा, ऊपर तो पक्का लगा।’’ त्यांनी मला कडेला उभं करून हातानं दाखवलं: लखलखीत पांढरं आणि कडा वर उचललेल्या चौकटी दिसतात तिथं वाळलंय, जिथं रंग मळका किंवा चमक ओली, तिथं पाय ठेवायचा नाही. गाडीच्या चाकाच्या खुणा दिसल्या तरी विश्वास ठेवू नका, त्या गेल्या हंगामातल्या असतात, हेही त्यांनीच सांगितलं. पैसे घेईनात. बॅगेत बेळगावहून नेलेला कुंदा होता, त्यातला अर्धा डबा बळंच दिला. त्यांनी एक घास तिथंच खाल्ला आणि बाकीचा घरच्यांसाठी फडक्यात बांधला.

तेव्हा डिसेंबर-जानेवारीत गेलात तरी पापडीवर उतरताना हातात काठी ठेवा, पुढं टोचत चला, आणि पाणी अंगावर असू द्या, गाडीवर नको. एकटे असाल तर रस्त्यापासून दहा पावलांच्या पुढं जाऊच नका. कितीही सुंदर दिसलं तरी.

धोलावीऱ्यात दोन दिवस चांगले गेले. खडीर बेटावरचं हे हडप्पाकाळातलं शहर, २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. मनसर आणि मनहर ह्या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी बांध घालून अडवलेलं, खडकात खोदलेली टाकी, उतरायला पायऱ्या. आदल्या दिवशी घोटभर पाण्यासाठी जीव कासावीस झाला होता, त्यामुळं त्या टाक्यांच्या काठावर मी फार वेळ बसलो. ह्या गावानं तांबंही घडवलं आहे, म्हणजे आमच्या धंद्याचे जुने लोक. सकाळी लवकर जा, वाटाड्या घ्या. तिथं एक रात्र राहाच. अमावस्येच्या आसपासचा एवढाच फायदा: आकाशात इतके तारे मी आमच्या जांबोटीच्या रानातही बघितले नव्हते. गच्चीवर आडवा पडलो आणि अंगातला सगळा शीण गेला.

मोटारसायकलबद्दल राहिलं. परत केली तेव्हा मालकानं अनामतीतले पंधराशे कापले. मिठानं साखळी खराब झाली, धुलाई करावी लागेल म्हणाला. साखळीवरचा गंज आधीचाच होता, पण माझ्याकडं पुरावा नव्हता. घेताना साखळी, आरे, सायलेन्सर, टायर ह्यांचा व्हिडिओ काढा, मालकाच्या समोरच. आणि परत द्यायच्या आधी भुजच्या वेशीवर पंक्चरवाल्याकडून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. शंभर-दीडशेत काम होतं आणि वाद मिटतो.

परतीचं तिकीट जातानाच काढा. गाडी चुकली तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा, नाहीतर अहमदाबाद, पुणे, मिरज अशी तुकड्यातुकड्यानं घरवाट. मी पुढच्या जानेवारीतल्या पौर्णिमेसाठी आत्ताच रजेचा अर्ज दिलाय. ह्या वेळी धाकटा भाऊ बरोबर येतोय, आणि काठी बेळगावातूनच नेणार आहे.