५० मीटर फ्रीस्टाइल, नोंद सातवी : शेवटचे पाच मीटर

मागच्या नोंदीत माझी वेळ ४४.६ सेकंदांवर अडली होती. या पंधरवड्यात तीन प्रयत्नांची सरासरी ४३.८ आली आहे. काठावर मुलगी मोबाइलवर वेळ घेते. हाताने घेतलेल्या वेळेत दोन-तीन दशांशांचा फरक सहज पडतो, म्हणून एकट्या प्रयत्नाची वेळ मी वहीत उतरवत नाही. आमचा तलाव २५ मीटरचा असल्यामुळे मध्ये एकदा वळावे लागते आणि भिंतीला पाय लावून जोर मिळतो. जागतिक स्पर्धेतील ५० मीटरच्या सरळ तलावातल्या वेळेशी या आकड्याची तुलना होऊ शकत नाही, हे नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते.

सुधारणेचा मोठा वाटा श्वास कमी घेण्याचा आहे, त्याविषयी मागे सविस्तर लिहिले आहे. उरलेला वाटा शेवटच्या पाच मीटरचा आहे आणि तो मला २०१९ च्या ग्वांगजू येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीने दाखवला. सिमोन मॅन्युएल २४.०५ सेकंदांत पहिली आली, सारा स्योस्ट्रॉम २४.०७ मध्ये दुसरी आणि केट कॅम्पबेल २४.११ मध्ये तिसरी. या वेगाने जलतरणपटू सेकंदाला सुमारे २.०८ मीटर कापते. म्हणजे पहिल्या दोघींमधील अंतर जेमतेम चार सेंटिमीटर, माझ्या दोन बोटांच्या रुंदीइतके. जिंकणे-हरणे टचपॅडला, म्हणजे स्पर्श होताच वेळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या पाटीला, बोटे कशी लागली यावर ठरले असणार, असे मला ही शर्यत हळू गतीने पुन्हा पुन्हा पाहताना वाटत राहिले.

मग मी स्वतःचा शेवट तपासला. मोठ्या तलावांत भिंतीपासून पाच मीटरवर पताकांची दोरी असते, आमच्याकडे ती नाही. म्हणून सरांच्या परवानगीने काठावरच्या दांडीला पाच मीटरच्या खुणेवर लाल रंगाचा सोलापुरी टेरी टॉवेल बांधला. शेवटचा श्वास घेताना मान वळली की तो गॉगलमधून स्पष्ट दिसतो. तेथून भिंतीपर्यंत माझे साडेतीन हात, म्हणजे हाताचे फटके, बसत होते आणि सगळा घोटाळा त्या अर्ध्या हातात होता : तिसरा हात मारून झाला की भिंत शोधायला मी डोके वर काढत असे, डोके वर आले की कंबर खाली जाई, आणि उरलेले अंतर मी पाय न मारता नुसती सरकत पार करत असे. आता डोके खालीच ठेवते, पाय थांबवत नाही, टॉवेलनंतर मोजून चार हात मारते आणि चौथा हात खांद्यापासून ताणून बोटांच्या टोकांनी फरशी गाठते. पहिल्या दिवशी अंदाज चुकून बोटे चांगलीच आपटली, पण चौथ्या दिवसापासून हात आपोआप बसू लागला.

स्योस्ट्रॉमविषयी थोडे लिहायलाच हवे, कारण हात सरळ ठेवून पाण्यावरून फिरवण्याची तिची पद्धत मी वर्षभर न्याहाळते आहे. फुकुओका येथे २९ जुलै २०२३ रोजी तिने ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण जिंकले आणि त्याच संध्याकाळी ५० मीटर फ्रीस्टाइलच्या उपांत्य फेरीत २३.६१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. दुसऱ्या दिवशीची अंतिम शर्यत तिने २३.६२ मध्ये जिंकली. त्याआधीचा २३.६७ चा विक्रमही तिचाच होता, २०१७ मध्ये बुडापेस्टला केलेला, आणि तोसुद्धा उपांत्य फेरीतलाच. सहा वर्षांत सहा शतांश! फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फावर घसरून तिचे कोपर मोडले होते, हे लक्षात घेतले की या सहा शतांशांबद्दलचा माझा आदर आणखी वाढतो. सरळ हाताचा तो प्रकार मी सध्या फक्त पहिल्या दहा मीटरपुरता वापरते, कारण पुढे माझा खांदा थकतो आणि हात पाणी धरण्याऐवजी पाण्यावर आपटू लागतो. खांद्याचे दुखणे असलेल्या मैत्रिणींनी याची घाई करू नये.

आमची महिलांची बॅच दुपारी चारची आहे. एप्रिलच्या उन्हात काठावरची फरशी पाय टेकू देत नाही आणि पाणीही कोमट झालेले असते, त्यामुळे जोराचे प्रयत्न सलग तीनपेक्षा जास्त करत नाही व प्रत्येकानंतर पूर्ण दम खाते. मधल्या लेनमध्ये दोऱ्या नसल्याने शेजारच्या पोहण्याच्या लाटा अंगावर येतात आणि शेवटच्या हाताचा अंदाज बिघडतो. मंगळवारचा दुसरा प्रयत्न त्यामुळेच सरासरीत धरलेला नाही.

पुढील पंधरवड्यात टॉवेल सात मीटरवर नेऊन, तेथून श्वास न घेता सहा हातांत भिंत गाठता येते का, हे पाहणार आहे.