सेट बंदच आहे की!

हे वाक्य मी आठवड्यातून चारदा तरी ऐकतो. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, वॉचमन म्हणतो, आणि खरं सांगायचं तर एकदा मी स्वतःपण म्हणालोय. डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, सर्व्हिसिंगमध्ये मला 14 वर्षं झाली, त्यामुळे आता मलाच लाज वाटते, पण सांगतो.

पुण्यातली सोसायटी, 125 केव्हीएचा सेट, बी चेक होता म्हणजे ऑइल, फिल्टर, बेल्ट वगैरे. वार गुरुवार. पुणेकरांना सांगायला नको, गुरुवारी मेंटेनन्सच्या नावाखाली लाइट कधी जाईल काही नेम नाही. कॅनोपीचं, म्हणजे सेटवरच्या पेटीचं, दार उघडलं, फॅनच्या बेल्टचा गार्ड सोडला, 17चा पाना तिथंच वर ठेवला आणि फोन आला म्हणून बाहेर आलो, सोबतचा पोरगा ऑइलचा कॅन आणायला गाडीकडे गेला होता. पॅनल ऑटोवर. मी बघितलंच नव्हतं, कारण डोक्यात तेच, सेट बंदच आहे की. लाइट गेली. एएमएफ पॅनल, म्हणजे लाइट गेली की सेट आपोआप चालू करणारं पॅनल, काय करतं, मेन्स (बाहेरची लाइट) गेले हे त्याला कळतं, थोडे सेकंद थांबतं आणि सेल्फ (स्टार्टर) मारतं, त्याला काय माहीत आत कोणाचा हात आहे का ते. धडाडकन सेट चालू झाला, पाना फॅनमध्ये गेला आणि रेडिएटरच्या जाळीत घुसला. हिरवं कूलंट माझ्या बुटांपर्यंत आलं. पोरगा कॅन घेऊन तिथंच उभा, मीपण उभा. दोन मिनिटं आधी त्याचा हात त्या बेल्टवर होता, ताण बघायला मीच सांगितलं होतं.

रेडिएटरचा खर्च मी भरला. तो भाग सोडा.

तेव्हापासून क्रम ठरलाय आणि त्यात बदल नाही. पॅनलचा ऑटो-ऑफ सिलेक्टर ऑफ, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला, मग बॅटरी चार्जरचा एमसीबी खाली, आणि मग बॅटरीचा निगेटिव्ह. खूप जण चार्जर विसरतात आणि बॅटरी काढली की झालं असं समजतात. अरे बाबा, चार्जरला 230 व्होल्ट मेन्सचे येतात, सेटचे नाही! सेट बंद, बॅटरी बाजूला काढून ठेवलेली, तरी पॅनलच्या आत फेज जिवंत असतो. शिवाय मेन्स आहेत की गेले हे कंट्रोलरला कळावं म्हणून आर वाय बी या तिन्ही फेजच्या वायरी आत आलेल्या असतात, म्हणजे फेज टू फेज 415. कूलंट गरम ठेवणारा हीटर असेल तर त्याची सप्लायपण मेन्सचीच. मला एकदा चार्जरच्या टर्मिनलवर झटका बसला होता, कोपर मागं जाऊन पॅनलच्या दारावर असं आपटलं की करंटपेक्षा कोपरच जास्त दिवस दुखत होतं.

निगेटिव्हच आधी का, तर इंजिनची बॉडी निगेटिव्ह असते. निगेटिव्ह सोडताना पाना बॉडीला लागला तर काही होत नाही, पण निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. बारा व्होल्टनं काय होतंय म्हणणाऱ्यांना मी आमच्या उस्तादांचं बोट दाखवायचो. सोन्याची अंगठी होती, पॉझिटिव्हवर पाना, बॉडीला टेकलेलं बोट आणि मध्ये अंगठी. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरंय, पण सेल्फ फिरवायला शेकडो अँपिअर देणारी बॅटरी आहे ती, अंगठी क्षणात लाल होते. त्यांच्या बोटाला कायमचं वळं पडलं होतं, अंगठी घातल्यासारखंच दिसायचं. अंगठी, कडं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, सगळं डब्यात. आणि चार्जिंग चालू असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिथं ठिणगी नको, विडी तर नकोच.

आता अल्टरनेटर, म्हणजे सेटमधला वीज तयार करणारा भाग. टर्मिनल बॉक्स उघडायचा असेल तर सेटचा ब्रेकर ऑफ करून कुलूप, चावी माझ्या खिशात. कारण केबलचं दुसरं टोक चेंजओव्हरला, म्हणजे बाहेरची लाइट की सेट हे निवडणाऱ्या स्विचला, असतं आणि तिथं एमएसईबी बसलेली असते (महावितरण म्हणा, आमच्या तोंडात अजून एमएसईबीच). दोन सेट सिंक्रोनाइज केलेले, म्हणजे एकत्र जोडून चालवलेले, असतील तर दुसरा सेटपण त्याच बसबारवर (दोघांच्या सामाईक पट्टीवर), तिकडून करंट उलटा येऊ शकतो. आणि सेट फिरवत असाल तर एव्हीआरचा (व्होल्टेज रेग्युलेटरचा) फ्यूज काढलाय म्हणून टर्मिनलला हात लावू नका, रोटरमध्ये थोडं चुंबकत्व शिल्लक असतंच, तेवढ्यावरही व्होल्टेज येतं.

टेस्टरवर माझा विश्वास नाही. स्टुलावर उभं राहून रबरी बुटात टेस्टर लावा, फेज असूनही धड पेटत नाही. मल्टिमीटर घ्या, आधी जिवंत पॉइंटवर तपासा, मग काम करायचंय तिथं, मग परत जिवंत पॉइंटवर. तिसऱ्यांदा कशाला म्हणून पोरं हसतात, पण मधल्या मापात मीटरची वायर तुटलेली असली तर शून्यच दाखवणार ना.

याहून भयानक म्हणजे लग्नाच्या मांडवात नाहीतर दुकानात छोटा जनरेटर आणून दोन्हीकडे पिनटॉप (प्लग) लावलेली वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतात. मेन स्विच खाली करायचा राहिला तर करंट उलटा डीपीवर, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, जातो, आणि डीपी उलटी चालली की 433 व्होल्टच्या बाजूनं गेलेला करंट दुसऱ्या बाजूला 11 हजार व्होल्ट तयार करतो. वर लायनमन लाइट गेलीय म्हणून चढलेला. चेंजओव्हर स्विच बसवा, उगाच वायरी खुपसू नका.

कुलुपाचा एक तोटा मात्र आहे. मागच्या महिन्यात काम संपवलं, सेट चालवून दाखवला, मग परत एक कनेक्शन बघायला ब्रेकरला कुलूप लावलं आणि चावी खिशात घेऊन घरी आलो. रात्री 9 वाजता सेक्रेटरींचा फोन, लाइट गेलीय, सेट चालू आहे पण लिफ्ट बंद. परत गेलो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून, दीड तास. सातव्या मजल्यावरच्या आजी खाली बाकावर बसल्या होत्या, मला बघून म्हणाल्या, चावी तुमच्याकडे होय?