दोन काटे, एक सिलिंडर

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी आहे, आणि तिच्यातल्या पाणवनस्पतींना कार्बन डायऑक्साइड पुरवणारा एक छोटा पोलादी सिलिंडर टाकीशेजारी भिंतीला पट्ट्याने बांधून उभा केलेला आहे. घरी येणारा पाहुणा आधी मासे पाहतो, मग त्याची नजर सिलिंडरकडे जाते आणि ‘हा फुटणार तर नाही ना?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. पूर्वी मी हसून ‘नाही’ म्हणत असे. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून मात्र मी ‘किती भरला आहे आणि कुठे ठेवला आहे, त्यावर अवलंबून आहे’ असे उत्तर देतो. ते पाहुण्याला फारसे रुचत नाही, पण खरे तेच आहे.

या सिलिंडरला दोन काटे लागतात. एक रेग्युलेटरवरच्या दाबमापकाचा काटा, जो रोज डोळ्यांसमोर असतो. आणि दुसरा वजनकाटा, जो बहुतेकांच्या घरी नसतो. मासे पाळणारे आम्ही लोक पहिल्यावर विश्वास ठेवतो. सोलापूरसारख्या गावात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो, तिथे हा विश्वास महागात पडू शकतो. त्याचे कारण समजून घ्यायचे तर सिलिंडरच्या आत काय चालते ते पाहावे लागेल.

भरलेल्या सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड बराचसा द्रवरूपात असतो आणि वरच्या थोड्या जागेत त्याचा वायू असतो. जोवर द्रव आणि वायू दोन्ही आत आहेत, तोवर दाब किती हे केवळ तापमान ठरवते. माल किती आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. २० अंश सेल्सिअसला हा दाब सुमारे ५७ बार असतो, मग आत दोन किलो असो की एक किलो. (स्कूटरच्या चाकात दोन बारच्या आसपास हवा असते आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत उन्हाळ्यातही साधारण दहा बारपर्यंतच दाब चढतो, यावरून ५७ बार म्हणजे काय याचा अंदाज यावा.) ३१ अंशांच्या वर मात्र कार्बन डायऑक्साइडला द्रवरूपात राहताच येत नाही. म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात, पंख्याखालच्या खोलीतसुद्धा, सिलिंडरमध्ये द्रव असा उरतच नाही. आतला सगळा माल एकजीव होतो आणि मग त्याचा दाब किती, हे तापमानाबरोबरच किती माल कोंबला आहे यावरही ठरते.

माझ्या सिलिंडरमध्ये तीन लिटर पाणी मावते. त्यात भरायचा कार्बन डायऑक्साइड दोन किलो, म्हणजे मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश. हे प्रमाण उगाच ठरलेले नाही. दोन किलो भरलेला सिलिंडर ४५ अंशांपर्यंत तापला तर आतला दाब १२० बारच्या आसपास जातो, आणि चांगल्या सिलिंडरची चाचणी याहून बऱ्याच अधिक दाबाला झालेली असते. त्याच सिलिंडरमध्ये सव्वादोन किलो भरला, तर ४५ अंशांना दाब दीडशे बारच्याही पुढे जातो. पाव किलोचा फरक आणि तीस-पस्तीस बारची वाढ! त्याहून जास्त भरला, तर सिलिंडर वरपर्यंत द्रवाने भरून जाण्याचे तापमान आणखी खाली येते. आणि एकदा आत मोकळी जागा उरली नाही, की पुढच्या प्रत्येक अंशाबरोबर दाब झपाट्याने चढतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नेमके हेच घडले. आपल्याकडे मत्स्यालयासाठी म्हणून सिलिंडर भरून देणारे दुकान मिळणे अवघड. वेल्डिंगचा गॅस पुरवणारे, अग्निशामक टाक्या भरणारे किंवा सोडा-वॉटरवाल्यांना गॅस देणारे यांच्याकडेच जावे लागते. ते मोठ्या सिलिंडरमधून लहानात माल उतरवतात आणि तो लवकर उतरावा म्हणून लहान सिलिंडर आधी बर्फात ठेवून गार करतात. मी गेलो त्या ठिकाणी काम करणाऱ्या मुलाने सिलिंडर माझ्या हातात देताना आपुलकीने सांगितले, “सर, जरा जास्तच भरलंय की ओ, वरचे पैसे नकोत.” मी आभार मानले. घरी आल्यावर रेग्युलेटर बसवला, तर दाबमापकाचा काटा साठच्या आतच होता, कारण सिलिंडर अजून गार होता आणि गार सिलिंडरमध्ये दोन किलो असले काय नि सव्वादोन असले काय, काटा एकाच जागी उभा राहतो. सगळे ठीक आहे असे समजून मी तो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवणार होतो, कारण जुन्या सिलिंडरमध्ये अजून थोडा गॅस शिल्लक होता.

जिना चढताना त्याचे वजन हाताला वेगळे लागले, एवढेच निमित्त झाले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने हसत हसत का होईना, त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सिलिंडर ठेवू दिला. रिकाम्या सिलिंडरचे वजन, व्हॉल्व्हसकट, ५.४ किलो हे मी पूर्वीच रंगाने वर लिहून ठेवले होते. काट्यावर आकडा आला ७.६६ किलो. म्हणजे आत २.२६ किलो माल होता, आणि तो मी दुपारी पत्र्याखाली ठेवायला निघालो होतो, जिथली हवा बाहेरच्या पाऱ्यालाही मागे टाकते. त्याच संध्याकाळी मी सिलिंडर घेऊन परत गेलो आणि जादा माल उघड्यावर हळूहळू सोडायला लावला. त्या मुलाला मी रागावलो नाही. भाजीवाली जुडीवर चार काड्या जास्त घालते, त्याच भावनेने त्याने पाव किलो वर घातले होते. फक्त हा माल तसा नाही.

सिलिंडर लगेच फुटला असता असे मी म्हणत नाही. व्हॉल्व्हवर एक पातळ धातूची सुरक्षा-चकती असते. दाब मर्यादेबाहेर गेला की आधी ती फाटते आणि गॅस बाहेर पडून सिलिंडर वाचतो. ही चकती काढून तिथे बोल्ट ठोकलेला जुना सिलिंडर मी एकदा विक्रीला ठेवलेला पाहिला आहे. असा सिलिंडर फुकट मिळाला तरी घरात आणू नये. पण चकती असली, तरी ती वाचवते ती सिलिंडरला. खोलीतल्या माणसाचे काय, हा हिशेब वेगळा करावा लागतो.

दोन किलो कार्बन डायऑक्साइड मोकळा सुटला, तर त्याचा साधारण १.१ घनमीटर वायू होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली सुमारे २८ घनमीटरची असते. दारे-खिडक्या बंद असतील, म्हणजे एसी लावून झोपलेले असताना असतात तशा, तर खोलीतल्या हवेत या वायूचे प्रमाण चार टक्क्यांच्या जवळ जाते. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी सुरक्षित मानली जाणारी मर्यादा अर्धा टक्का आहे, चार टक्के ही तातडीच्या धोक्याची पातळी मानतात आणि दहा टक्क्यांच्या आसपास माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो. शिवाय हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने तो आधी जमिनीलगत साचतो, जिथे लहान मूल किंवा गादी घालून झोपलेला माणूस असतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो. याला वास नाही. जुनी माणसे आडात उतरण्यापूर्वी दोरीला कंदील बांधून खाली सोडत आणि तो विझला तर कोणी उतरत नसे, त्यामागे हाच वायू असे. म्हणून सिलिंडर झोपण्याच्या खोलीत नको. आमच्या बैठकीची एक खिडकी कायम उघडी असते, आणि त्यापायी धूळ येते ही घरातली तक्रार मी ऐकून घेतो.

गाडीतून नेतानाही हाच हिशेब लागू होतो, उलट अधिक कडक, कारण गाडीच्या आतली जागा जेमतेम तीन घनमीटरची. काचा उघड्या ठेवाव्यात, सिलिंडर उभा बांधावा, रेग्युलेटर काढून ठेवावा आणि वाटेत चहाला थांबून गाडी उन्हात सोडू नये. व्हॉल्व्हवर टोपी हवीच. सिलिंडर पडून व्हॉल्व्ह मोडला, तर पोलादाचे ते नळकांडे कुठल्या दिशेने सुटेल याचा नेम नाही.

सिलिंडर उभाच का ठेवायचा, हे एकदा सांगितले पाहिजे. आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि आतली रबरे खराब होतात. याच कारणासाठी जुनी अग्निशामक टाकी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये: तिच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते आणि ती उभी ठेवली तरी द्रवच वर देते. बाहेर पडलेल्या द्रवाचा उणे ७८ अंशांचा बर्फ होतो. तो बोटाला लागला तर कातडी भाजल्यासारखी जाते.

थंडीत दाबमापकाचा काटा वेगळ्या तऱ्हेने फसवतो. २० अंशांना माझ्या सिलिंडरमध्ये साधारण सहाशे ग्रॅम माल उरेपर्यंत काटा ५७ च्या आसपास तसाच राहतो, आणि द्रव संपला की घसरू लागतो. एकेरी टप्प्याच्या, म्हणजे सिलिंडरचा दाब एकाच पायरीत उतरवणाऱ्या स्वस्त रेग्युलेटरमध्ये सिलिंडरकडचा दाब घसरला की टाकीकडचा दाब उलट चढतो आणि बुडबुडे वाढतात. काही वर्षांपूर्वी गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मी दोन दिवस घराबाहेर होतो. परतलो तेव्हा पाण्यात गॅस किती आहे ते रंगाने दाखवणाऱ्या टाकीतल्या चाचणी-द्रवाचा हिरवा रंग पिवळा झाला होता, म्हणजे गॅस अति झाला होता, मासे पृष्ठभागाला तोंड लावून होते आणि कोळंब्या तळाशी पडल्या होत्या. गॅस बंद करून हवेचा पंप लावला, तेव्हा मासे वाचले. कोळंब्या गेल्या. आता दुहेरी टप्प्याचा रेग्युलेटर आहे, आणि वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्हही आहे. आपल्याकडच्या विजेचा लहरीपणा पाहता दिवा बंद आणि गॅस चालू अशी स्थिती कधीही येऊ शकते.

राहिला सिलिंडर स्वतः. आपल्याकडे असे सिलिंडर ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ खाली येतात आणि त्यांवर देखरेख नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था करते. सिलिंडरच्या खांद्यावर क्रमांक, रिकामे वजन, पाण्याची क्षमता आणि शेवटच्या दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते. चाचणी दर पाच वर्षांनी करून घ्यायची असते. ही अक्षरे रंगाखाली बुजलेली असतील, तर विकणाऱ्याला रंग खरवडायला सांगावे. तो टाळाटाळ करू लागला, तर तिथून निघावे.

एप्रिलनंतर मी दहा किलोंचा एक साधा वजनकाटा विकत घेतला. दर रविवारी गॅस बंद करून, रेग्युलेटर उतरवून सिलिंडर त्यावर ठेवतो आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडा लिहितो. या रविवारचा आकडा ६.१ आहे. म्हणजे सातशे ग्रॅम शिल्लक. पुढच्या आठवड्यात भरायला न्यायचा आहे, आणि या वेळी तिथल्या काट्यासमोर मी स्वतः उभा राहणार आहे.