मोबाइलवरचा १३२ आणि रीतसर चाचणी: माझा अनुभव

मोबाइलवरच्या चाचणीने १३२ बुद्ध्यांक दाखवला, तेव्हा मी आधी प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) किती धरलंय ते शोधलं. सरासरी १०० ही ठरवून घेतलेली असते आणि आकडा त्या सरासरीपासूनचं अंतर सांगतो. विचलन १५ असेल, तर १३२ वाला शंभरांतल्या पहिल्या दोघांत बसतो. कॅटेल या मानसशास्त्रज्ञाच्या मापात ते २४ असतं, तिथे तोच १३२ शंभरांत जेमतेम नववा. निकालात विचलन नव्हतं, आणि सरासरी कुणाची काढली तेही नव्हतं. चाचणी फुकट, निकालाला पैसे! पैसे भरताना यूपीआयची ऑटोपे परवानगी दिली गेली नाही ना, ते ॲपमध्ये लगेच बघावं. अशा चाचणीत ९४ मिळालेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

मग रीतसर चाचणी. गोव्यात सरकारी सोय म्हटली की बांबोळीची मानसोपचार संस्था, शिवाय खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. खासगीत जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. वेळ घेतानाच आणखी दोन गोष्टी विचारल्या: चाचणी कोणती, आणि तिची सरासरी कोणत्या साली काढलेली? हा दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. बिने-कामत चाचणी मराठी-कानडी मुलांसाठी १९३४ सालची, मालिनची भारतीय मुलांसाठीची १९६९ सालची. अनेक देशांत विसाव्या शतकात सरासरी कामगिरी दशकाला साधारण तीन गुणांनी वाढत गेली, म्हणून जुन्या पट्टीवर आजचं मूल मोजलं की आकडा फुगतो.

प्रौढांसाठी वेक्सलरची चाचणी असते. समोरासमोर, तास-दीड तास. ठोकळे जुळवणं, आकडे ऐकून सरळ आणि उलट म्हणणं, शब्दांचे अर्थ, घड्याळ लावून चिन्हं शोधणं. आदल्या रात्रीचं जागरण किंवा सर्दीची गोळी वेगाच्या भागात लगेच दिसते. चष्मा विसरू नये.

गोव्यात खरी अडचण भाषेची. घरी कोंकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी. अशा माणसाला शब्दार्थ इंग्रजीत विचारले, तर मोजलं जातं ते बरंचसं इंग्रजी. मी भाषेचा मुद्दा आधीच काढला. ऐनवेळी प्रश्नाचं तोंडी भाषांतर करून घेणं हा उपाय नव्हे, कारण सोपा शब्द भाषांतरात अवघड होतो आणि सरासरीशी तुलना कोलमडते. त्यापेक्षा शाब्दिक भागाचे गुण वेगळे ठेवून आकृत्यांच्या भागावर जास्त भर द्यावा, आणि तसं अहवालात लिहून घ्यावं.

अहवालात एकच आकडा असेल तर तो अपुरा समजावा. वेक्सलरच्या चौथ्या आवृत्तीत शाब्दिक आकलन, आकृतींचं तर्कज्ञान, कार्यस्मृती (ऐकलेलं डोक्यात धरून वापरणं) आणि वेग असे चार निर्देशांक हवेत. त्यांतल्या सर्वांत वरच्या आणि खालच्यात २३ किंवा जास्त गुणांचं अंतर असेल, तर एकूण बुद्ध्यांकाला फारसा अर्थ उरत नाही. चारही वेगवेगळे वाचायचे. एकूण आकड्यापुढे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा छापलेली असावी. ११२ म्हणजे साधारण १०८ ते ११६, त्यामुळे भावाच्या ११५ शी तुलना नको.

लगेच पुन्हा चाचणी देऊ नये, सरावाने गुण वाढतात. निदान वर्षभराचं अंतर असावं. प्रश्नपत्रिका घरी मिळत नाही, चाचणी गोपनीय असते. अहवाल परीक्षेतल्या सवलतीसाठी हवा असेल, तर मंडळाला कोणती चाचणी आणि कुणाची सही चालते ते फी भरण्याआधी विचारून घ्यावं.