तुम्ही विचारलंत म्हणून: रसायनशास्त्र ऑनलाइन कुठे शिकावं?

विद्यार्थी विचारतात, नव्याने शिकवू लागलेले शिक्षकही विचारतात, की रसायनशास्त्रासाठी इंटरनेटवर चांगलं काय आहे? मी आधी ‘फेट’चं नाव घेते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः हाताळता येणारे आभासी प्रयोग, मोफत आहेत, काही मराठीतही आहेत.

या विषयात मुलं अडतात ती एका ठरावीक जागी. चंचुपात्रातला द्रव दिसतो, वहीतलं समीकरण दिसतं. पण या दोन्हींच्या मागे अणूरेणूंचं जे चाललेलं असतं ते दिसत नाही. ॲलेक्स जॉन्स्टन या रसायन-शिक्षणतज्ज्ञांनी या तीन पातळ्या फार नेमक्या मांडल्या आहेत. म्हणून कुठलंही साधन हाती आलं की मी पाहते, यातली कोणती पातळी ते दाखवतं?

फेटमधलं रेणूंच्या आकारांचं सिम्युलेशन घ्या. पाण्याचा रेणू बनवला की ‘मॉडेल’मध्ये बंधकोन, म्हणजे दोन बंधांमधला कोन, १०९.५ अंश दिसतो. ‘खरा रेणू’ निवडला की तोच १०४.५ होतो. इथे घाई करू नका. कोन का घटला, हे मुलांना आधी बोलू द्या. ऑक्सिजनवरच्या एकाकी, म्हणजे बंधात नसलेल्या, इलेक्ट्रॉन जोड्या बंधातल्या जोड्यांना जास्त जोराने ढकलतात, हे त्यांच्या तोंडून आलं तर पाठ करावं लागत नाही. तसंच फेटमधल्या सामूच्या (pH) सिम्युलेशनचं. आम्लात पाणी ओतत राहिलं तर सामू कुठवर जाईल? पुष्कळ मुलं म्हणतात, सातच्या पुढे; खरं तर तो सात ओलांडत नाही. अंदाज वहीत लिहायला लावा आणि मगच नळ सोडू द्या. अंदाज न बांधता नुसती बटणं दाबली तर तास मजेत जातो, हाती मात्र फार काही लागत नाही.

सिम्युलेशनमध्ये ज्वाला नसते, वाफ नसते, रंग पालटताना बसणारा आश्चर्याचा धक्का नसतो. त्यासाठी नॉटिंगहॅम विद्यापीठाची ‘पिरियॉडिक टेबल ऑफ व्हिडिओज’ ही मालिका बघा. २००८ पासून चालू आहे आणि सगळ्या ११८ मूलद्रव्यांवर तिच्यात व्हिडिओ आहेत. त्यातले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पोलियाकॉफ बोलायला लागले की मूलद्रव्यांवरचं त्यांचं प्रेम समोरच्याला लागतंच.

महाविद्यालयीन वाचनासाठी ‘लिब्रेटेक्स्ट्स’ हे मोफत पाठ्यपुस्तकांचं संकेतस्थळ पुरेसं आहे.

आकडे मात्र कुठल्याही पानावरून उचलू नका. उत्कलनबिंदू, रेणूसूत्र, संरचना हे सगळं ‘पबकेम’ या रसायनांच्या मोफत माहितीसाठ्यावर तपासा, उष्मागतिकीची माहिती हवी असेल तर अमेरिकेच्या मानक संस्थेचं ‘एनआयएसटी केमिस्ट्री वेबबुक’ उघडा. पबकेममध्ये बहुतेक नेहमीच्या रसायनांच्या पानावर धोक्याची चिन्हं आणि हाताळण्याच्या सूचनाही असतात. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी ते पान मुलांना स्वतः वाचायला लावा, आणि चष्मा, हातमोजे कशासाठी लागणार हे त्यांनाच विचारा.